झळाळीचा घसारा

खंडेनवमीच्या सकाळी महाराष्ट्रातील अनेक घरांच्या अंगणात एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. वडिलांची किंवा आजोबांची जुनी सायकल बाहेर काढली जाते, स्वच्छ धुतली जाते, साखळीला तेल मिळते आणि हँडलवर झेंडूची माळ चढते. त्याच सुमारास बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर मार्गालगतच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आयुधपूजेनिमित्त यंत्रे विसावतात. लेथ, प्रेस आणि धातूला मुलामा देणाऱ्या टाक्या यांनाही हळदकुंकू व फुले वाहिली जातात. पुण्याच्या वाड्यातील ती सायकल आणि पीण्यातील ही टाकी यांचे नाते वरवर जाणवत नाही. परंतु सायकलचे हँडल, रिम आणि चिमटा यांवरील रुपेरी झळाळी अशाच कुठल्या तरी टाकीत जन्मलेली असते. ती झळाळी कशी राखावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ छंदापुरता उरत नाही.

केसाहून पातळ मुद्दल

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोक्लँ यांनी १७९७ साली क्रोमिअमचा शोध लावला. त्याच्या संयुगांच्या विविध रंगांमुळे रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण झाले. मात्र या धातूचा मुलामा कारखान्यांच्या आवाक्यात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास त्याची भरवशाची पद्धत सिद्ध केली. तोवर सायकलींवर निकेलचा मुलामा असे. तो काळवंडत असल्याने वारंवार पुसावा लागे. क्रोम मात्र हवेत स्वतःभोवती अदृश्य संरक्षक पापुद्रा धरते आणि तजेलदार राहते. भारतीय रस्त्यांवरील बहुसंख्य जुन्या सायकलींचा सांगाडा काळ्या रंगाचा असे व क्रोम हँडल, रिम, पेडलचे दांडे अशा भागांवर दिसे. काही खास क्रीडा-सायकलींचा मात्र संपूर्ण सांगाडाच क्रोममध्ये न्हालेला असे.

ही झळाळी प्रत्यक्षात किती जाड असते? शोभेच्या कामातील क्रोमचा थर साधारणतः पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर असे जवळजवळ २०० थर एकावर एक रचल्यावर कोठे एका केसाची बरोबरी होईल. खाली निकेलचा त्याहून कितीतरी जाड थर असतो आणि पोलादाचे गंजापासून खरे रक्षण तोच करतो. क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म भेगा असतात. निकेलमध्येही छिद्र राहिले, तर त्यातून ओलावा पोलादापर्यंत उतरतो आणि तांबूस ठिपका वर येतो. तो ठिपका क्रोमचा गंज नसून खालच्या पोलादाचा असतो.

हिशेबाच्या भाषेत मालमत्तेच्या मूल्यातील वार्षिक घटीस ‘घसारा’ म्हणतात. क्रोमच्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा ठरतो. घासण्याच्या प्रत्येक अविचारी हाताबरोबर येथे मुद्दलच खर्ची पडत असते.

रांगोळी, चिंच आणि गैरसमज

आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच आणि रांगोळीने लखलखीत करण्याची परंपरा आहे. भांडे जाड पत्र्याचे असल्याने ते हे घर्षण सोसते. क्रोमला हा न्याय लावता येत नाही. रांगोळीचे कण, खडबडीत पॉलिश कागद किंवा तारेची घासणी झळाळीवर बारीक ओरखडे उमटवतात. त्याहून घातक म्हणजे फरशी व स्वच्छतागृहाच्या सफाईसाठी मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल. गंज काढण्याच्या उत्साहात कित्येकदा त्याचा प्रयोग होतो. परंतु हे आम्ल गंजाबरोबर क्रोमही विरघळवून टाकते.

योग्य रीत त्या मानाने सौम्य आहे. प्रथम कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड यांनी धूळ व जुने वंगण काढावे. वंगणाखाली अडकलेली वाळू कोरड्या फडक्याने कदापि रगडू नये. मग ज्या ठिकाणी गंजाचे ठिपके असतील, तेथे स्वयंपाकघरातील अॅल्युमिनिअम फॉइलचा चुरगाळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. अॅल्युमिनिअम क्रोमपेक्षा पुष्कळच मऊ असल्याने मुलाम्याला सहसा इजा न करता वरवरचा गंज उचलून घेते. हट्टी डागासाठी पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळावे. मात्र काम होताच तो भाग स्वच्छ पाण्याने धुवावा. उघड्या पडलेल्या पोलादावर आम्ल रेंगाळले तर गंज नव्याने धरतो.

यानंतरचा टप्पा बहुतेक वेळा विसरला जातो. सायकल कोरड्या कापडाने पुसून घटकाभर उन्हात ठेवावी आणि झळाळीवर मेणाच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा. मेण त्या सूक्ष्म छिद्रांच्या तोंडाशी ओलाव्याला अडवते. मेण नसल्यास शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन फिरवले तरी चालते. खोबरेल तेल थंडीत गोठते आणि धूळ धरते, म्हणून ते टाळणे बरे. खुर्चीची दांडी काढून सांगाड्याच्या नळीत साचलेले पाणी निथळू द्यावे, कारण पुष्कळ सायकली आतून गंजतात. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत ही निगा दर महिन्याला आणि पावसाळ्यात त्याहून लवकर घ्यावी.

एवढे करूनही ठिपक्यांच्या जागी बारीक खळगे उरतात. ते राहू द्यावेत. पुण्यात कर्वेनगर येथे २०१७ साली सुरू झालेल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या सायकली पाहताना ध्यानात येते की, वस्तूचे वय हा तिचा दोष नसतो.

पीण्याचे पाणी

“एवढा खटाटोप कशाला? नवा मुलामा चढवून घेऊ,” असा विचार येथे सहज डोकावतो. आणि येथेच पीण्याची आठवण ठेवावी लागते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकारास आलेल्या या वसाहतीने हजारो लघुउद्योगांना आसरा दिला आणि असंख्य कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. येथील मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांशिवाय शेजारच्या यंत्रोद्योगाचे चाक फिरणे कठीण होते. परंतु या झळाळीची एक किंमत जमिनीखाली नोंदली गेली. परिसरातील भूजलात षट्संयुजी क्रोमिअम आढळले, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांचे मूल्यमापन केले, तेव्हा पीण्याची गणना तीव्र प्रदूषित क्षेत्रांत झाली.

षट्संयुजी क्रोमिअम हे या धातूचे कर्कजनक रूप होय. पारंपरिक मुलाम्याच्या टाकीत एका लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. म्हणजेच सुमारे १३० ग्रॅम क्रोमिअम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात एकूण क्रोमिअम ०.०५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. साधा भागाकार केला तरी दिसते की, टाकीतील एक लिटर द्रव २६ लाख लिटर शुद्ध पाण्यास मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवू शकतो. मुलामा दिलेली वस्तू धुताना तिच्याबरोबर हाच द्रव थोडाथोडा बाहेर येतो. सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूपांतर करणे आणि चुन्याच्या साहाय्याने ते गाळातून वेगळे काढणे शक्य आहे. अनेक जबाबदार उद्योजक ते करतातही. जेथे ते टळते, तेथे बिलात न छापलेली रक्कम कूपनलिकेवर अवलंबून असलेले कुटुंब भरत राहते.

युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्लाच्या अशा वापरासाठी विशेष परवानगी आवश्यक झाली. शोभेच्या कामासाठी त्रिसंयुजी क्रोमची पद्धतही आता उपलब्ध आहे. तिची छटा किंचित गडद असते, एवढेच. म्हणून मुलामा पापुद्रे धरून सुटू लागला असेल आणि नव्याने चढवणे अटळ असेल, तर कारागिराला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आहे काय? सांडपाणी कोठे जाते? शिवाय नव्या मुलाम्यापूर्वी पोलाद घासून गुळगुळीत केले जाते. त्यात निर्मात्याची कोरीव मुद्रा पुसट होते आणि नळीची जाडीही घटते, याची जाणीव असावी.

जपणुकीची ठेव

जुन्या सायकलीची निगा म्हणजे साबण, पाणी, फॉइलचा एक बोळा, मेण आणि अर्ध्या तासाचा संयम. या छोट्याशा नियमित भरण्यावर मिळणारा परतावा मात्र दुहेरी आहे. घरातील आठवणींचा रुपेरी थर शाबूत राहतो आणि दूरवरच्या एखाद्या वस्तीच्या पाण्यावरचा भार तितकाच हलका होतो. येत्या खंडेनवमीला हँडलवर माळ चढवताना त्यात आपला चेहरा थोडा पुसट दिसला, तर खंत वाटू देऊ नये. मुद्दल सुरक्षित असल्याची ती खूण आहे.