कांजिण्या, ताप आणि हृदयाचा विसावा

फेब्रुवारी-मार्च महिना आला, की वर्गातली दोन-चार बाके रिकामी दिसू लागतात. 'कांजिण्या आल्या आहेत' असा घरून निरोप येतो आणि आपण तो फारसा मनावर घेत नाही. लहान मुलांचा हा आजार बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. पण तोच आजार शिक्षकांना झाला आणि त्यांच्या हृदयाची झडप आधीच अधू असली, तर?

अशी वेळ आपल्याकडे येऊ शकते. उष्ण कटिबंधातील देशांत कांजिण्या होण्याचे वय थंड देशांच्या मानाने उशिराचे असते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या विखुरलेल्या पाड्यावर वाढलेल्या माणसाची आणि या विषाणूची लहानपणी गाठच पडलेली नसते, असे होऊ शकते. पुढे तो आश्रमशाळेत शिकवू लागला, की वसतिगृहात शेजारी-शेजारी झोपणाऱ्या मुलांकडून लागण होण्याचा धोका असतो. विषाणू हवेतून आणि फोडांतील द्रवातून पसरतो. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल तो पसरवत असते. त्यामुळे फोड दिसल्यावर मुलाला घरी पाठवले, तरी काही जणांना लागण होऊन गेलेली असते. त्यांच्या अंगावर पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात.

आता हृदयाकडे वळू. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातले सुमारे ०.३ सेकंद निलय आकुंचन पावतात आणि ०.५ सेकंद विसावतात. या विसाव्यातच डाव्या अलिंदातील रक्त द्विदल झडपेतून डाव्या निलयात उतरते. ताप एक अंश सेल्सिअसने चढला, की मिनिटाचे ठोके साधारण दहाने वाढतात. ३७ अंशांवरून ४० अंशांवर ताप गेला, की ७५ चे १०५ ठोके होतात आणि एका ठोक्याच्या वाट्याला ०.५७ सेकंदच येतो. आकुंचनाचा वेळ फारसा कमी होत नाही. कात्री लागते ती विसाव्याला. तो जेमतेम ०.३ सेकंद उरतो.

निरोगी झडप रुंद असल्याने तेवढ्या वेळातही भागते. लहानपणी घसा दुखण्यातून उद्भवलेल्या संधिज्वराने (डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात) जी झडप अरुंद झाली आहे, तिच्यातून मात्र पुरेसे रक्त उतरत नाही. ते अलिंदात तुंबते, दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि धाप लागते. त्यातच प्रौढांमध्ये कांजिण्यांचा विषाणू फुप्फुसांत शिरून न्यूमोनिया होण्याचा धोका मुलांपेक्षा बराच अधिक असतो. क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. म्हणून खोकला, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा छातीत धडधडणे यांपैकी काहीही जाणवले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

औषधांचेही पथ्य आहे. विषाणूविरोधी असायक्लोव्हिर पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू केले, तर अधिक उपयोगी पडते. म्हणून 'बघू दोन दिवस' म्हणू नये. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि त्यासाठी शरीरात पाणी पुरेसे लागते. हृदय कमजोर असलेल्यांना तर पाणी मोजून पिण्याचा सल्ला दिलेला असतो. हा मेळ डॉक्टरांनीच घालायचा. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन टाळावे, कारण ते अंगात पाणी साठवते आणि कांजिण्यांत त्वचेचे गंभीर संसर्ग वाढवू शकते. मुलांना कांजिण्यांत अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा विकार होऊ शकतो. हृदयासाठी डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेले अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र कोणीही स्वतःच्या मनाने बंद करू नये.

या आजारावर लस आहे. मिचिआकी ताकाहाशी या जपानी वैद्यकाने १९७४ मध्ये ती तयार केली. आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नाही. ती खासगीरीत्या घ्यावी लागते आणि प्रौढांना तिच्या दोन मात्रा लागतात. संपर्क आल्यापासून तीन ते पाच दिवसांत घेतली, तरीही ती बऱ्याचदा उपयोगी पडते. मात्र ती जिवंत विषाणूंची असल्याने गरोदर स्त्रियांना, तसेच हृदयरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना देत नाहीत. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या की नाही, हे आठवत नसेल, तर रक्ततपासणीवरून अंदाज येतो.

वर्गात विद्यार्थ्यांना बसल्या जागी एक मिनिट नाडी मोजायला सांगावे. मग मैदानाला फेरी मारून पुन्हा मोजावी आणि ६० ला त्या आकड्यांनी भागावे. प्रत्येक ठोक्याच्या वाट्याचा वेळ कसा आटतो, ते मुलांना स्वतःच्या मनगटावर समजेल. शिक्षकांच्या खोलीतही एक चौकशी करावी: हृदयविकार कोणाला आहे, आणि कांजिण्या कोणाला झालेल्या नाहीत? दोन्ही यादींत एकच नाव आले, तर साथीची वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.