तोंडाचा कर्करोग आणि जोड-उपचार

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून पुष्कळजण तंबाखू-चुना गालात धरतात. तिथेच पुढे न भरणारी जखम होते. माणूस मात्र दातावर दोष ढकलतो. रोग मानेच्या गाठींत उतरला की एका उपायाने भागत नाही. आधी शस्त्रक्रिया, मग राहिलेल्या पेशींसाठी आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे किरणोपचार, धोका अधिक असल्यास जोडीला सिस्प्लॅटिन, कारण त्याने पेशी किरणांपुढे दुबळ्या होतात.

आणि रोग उलटला तर? प्रतिकारशक्ती जागवणारे निवोलुमॅब पूर्ण मात्रेत आमच्या लोकांना परवडत नाही. परळच्या टाटा रुग्णालयातील (स्थापना १९४१) डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्यांना त्याची दर तीन आठवड्यांनी अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी! २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी शेकडा १६, तर जोड मिळालेल्यांपैकी ४३ वर्षभर जगले. हे बरे होणे नव्हे. पण मुलीचे लग्न पाहायला वर्ष पुरते.

सहा आठवडे परळच्या फेऱ्या म्हणजे हजेरी बुडाली. उपचार अर्ध्यावर सुटतात ते बहुधा पगारापायी. कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगाला वाढीव आजारलाभ आहे : अटी पुऱ्या असल्यास सरासरी वेतनाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. म्हणून आम्ही आजाऱ्याला प्रथम विमा क्रमांक विचारतो. कंत्राटदाराने ज्यांची नावेच विम्यात घातली नाहीत, त्यांच्यासाठी आमचे भांडण चालूच आहे.