लाकडाची विद्या शिकलेलं पोलाद

संपादकांनी 'आग थोपवणाऱ्या रंगावर' लिहायला सांगितलं, म्हणून तळोज्याच्या एका फॅब्रिकेशन यार्डात गेले. रंग पाहून निराशाच झाली. मळकट पांढरा, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. सुपरवायझरनी रंगवलेली एक जाड प्लेट शिकंज्यात धरली आणि तिच्यावर गॅसची ज्योत सोडली. रंग काळवंडला, त्यावर फोड आले आणि दिवाळीतली नागगोळी पेटावी तसा काळा फेस वर चढू लागला. मिलिमीटरभर थराचा बघता बघता दोन बोटं जाडीचा फेस झाला. मागून हात लावला, प्लेट अजून कोमटच होती.

पोलाद जळत नाही, आणि तेच नडतं. ते वितळायला पंधराशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण इमारत पडायला तेवढं लागत नाही. साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान पोलादाची ताकद निम्म्यावर येते. शिवाय दहा मीटरची तुळई तेवढ्या तापात सात-आठ सेंटीमीटर लांबते आणि भिंतीला बाहेर रेटते. वाड्यातली जाड सागवानी तुळई मात्र जळते, वर कोळशाचा थर धरते आणि त्याच थराआड मिनिटाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खंगत उभी राहते. (शनिवारवाडा 1828 मध्ये जळाला, ठाऊक आहे. लाकूड आगीला खाद्य पुरवतं ही एक गोष्ट झाली, जाड तुळई आगीत किती वेळ तग धरते ही दुसरी.) लाकडाची ही विद्या पोलादाला शिकवायचं काम हा रंग करतो.

त्यात तीन गडी असतात. दोन-अडीचशे अंशांच्या पुढे अमोनियम पॉलिफॉस्फेट फुटून आम्ल सुटतं. ते आम्ल पेंटाएरिथ्रिटॉल नावाच्या कार्बनयुक्त पदार्थातलं पाणी ओढून घेतं आणि मागे कोळसा उरतो. मेलामाइनमधून निघालेले वायू तो कोळसा फुगवतात, कधीकधी मूळ थराच्या पन्नास पटीपर्यंत. या सगळ्यात मला भुरळ घातली ती वेळेच्या गणितानं. वायू सुटतात नेमकं तेव्हाच रंगातलं रेझिन मऊ झालेलं हवं. आधी सुटले तर हवेत जातील, उशिरा सुटले तर कडक कोळशाला तडे जातील. पुरी फुगायला तेल जसं बरोबर तापलेलं लागतं, तसंच हे.

रिफायनरीत मात्र प्रकरण वेगळं. लाकूड-कापडाच्या आगीसाठी भट्टीची जी प्रमाणित चाचणी आहे, तिच्यात तासाभरानं 945 अंश गाठतात. तेलाच्या आगीच्या अमेरिकी चाचणीत पाच मिनिटांतच 1093. तिथे एपॉक्सीचे जाड थर, सिमेंट-व्हर्मिक्युलाइट किंवा सरळ काँक्रीट लागतं. फ्रान्समधल्या फेझँला 4 जानेवारी 1966 रोजी प्रोपेनची गोल टाकी फुटली. 18 माणसं गेली आणि शेजारच्या काही टाक्यांचे पाय आगीत लवून टाक्या खाली बसल्या.

यार्डात माझा बराचसा वेळ गेला तो रंगारी मामांबरोबर. मामा कोल्हापूरकडचे, हातात स्प्रेगन, खिशात दातेरी पत्र्याचा कंगवा. ओल्या रंगात कंगवा टेकवायचा, कुठल्या दातापर्यंत रंग लागला ते पाहायचं. वाळल्यावर मीटर लावून मायक्रॉन मोजायचे. मला वाटलं होतं, जाडजूड खांबाला जास्त रंग लागत असेल. उलटच निघालं.

"सडपातळ माणसाला ताप लवकर चढतो ताई," मामा म्हणाले, "त्याला गोधडी जाड."

आग लागणारा पृष्ठभाग मोठा आणि आतलं पोलाद कमी, म्हणून बारीक तुळई झटकन तापते. कुठल्या तुळईला किती मायक्रॉन, याचा तक्ता मामांना पाठ होता.

पण खांबावर चढलेला थर खरा आहे की नाही, हे जाळून पाहता येत नाही. भट्टीत जातो तो नमुना. उभ्या खांबाचं फक्त मीटरवर बघायचं, आणि मीटर चांगल्या जागी टेकवणंही जमतं लोकांना. रंगातलं फॉस्फेट पाणी धरतं, त्यामुळे वरचा टॉपकोट राहिला आणि पाऊस लागला की औषधच पातळ. काँक्रीटच्या कवचात पाणी शिरलं तर आतला खांब गंजत राहतो आणि वरून काहीच कळत नाही. 2001 मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पोलादावर संरक्षक फवारा होता. विमानांच्या धडकेनं तो झडला, उघडं पोलाद आगीत तापून खचलं, असा तिथल्या सरकारी तपासाचा निष्कर्ष आहे.

मामांना चिंता होती ती त्यांच्या नंतर येणाऱ्यांची. रंग झाला की वायरमन येतो, एसीवाला येतो, पाइपवाला येतो. ज्याला त्याला तुळईला क्लँप मारायचा असतो, आणि रंगावर वेल्डिंग धरत नाही.

आम्ही बोलत होतो तेव्हा मामा परांचीवर होते. कमी भरलेल्या एका आकड्याभोवती त्यांनी मार्करनं गोल काढला. तेवढ्यात चार खांब पलीकडे एका पोरानं ग्राइंडर लावला. तळहाताएवढा रंग उडाला, खालून चकचकीत पोलाद दिसलं.

"अरे, तिथं नको!" मामा ओरडले.

ग्राइंडरच्या आवाजात त्याला काही ऐकू गेलं नाही. मामांनी मार्कर खिशात टाकला आणि ते शिडी उतरू लागले.