वांग, ‘नंबर वन’ क्रीम आणि पार्लरचा गल्ला



गेल्या बॅचच्या शेवटच्या दिवशी एक ताई मागे थांबल्या. तालुक्याच्या गावात सहा वर्षांपासून पार्लर चालवतात, हात चांगला आहे, गिऱ्हाईक टिकून आहे. पिशवीतून त्यांनी एक पांढरा डबा काढला. वर सोनेरी झाकण, बाजूला एका गोऱ्या बाईचा फोटो, बाकी काही नाही.

“सर, हे वांगावर नंबर वन आहे म्हणतात. १२० ला मिळतं, मी ३५० ला विकते. २४ डबे घेतले होते, सहा गेले. आता पुढची ऑर्डर शंभराची देऊ का? तेवढं सांगा.”

एका डब्यामागे २३० रुपये. कागदावर बघितलं तर कोणीही म्हणेल, द्या ऑर्डर. मी डबा उलटा करून बघितला. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे त्याची यादी नाही. मी म्हटलं, “ताई, शंभरचं राहू द्या. आधी त्या सहा जणींचे फोन नंबर आहेत का तुमच्याकडे?”

आजचा लेख त्या डब्याबद्दल आहे. ब्युटी पार्लर, स्किन केअर, घरगुती क्रीम-साबण या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी सावकाश वाचा, कारण चेहऱ्यावरचे डाग हा या धंद्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त फसवणूकही इथेच होते.

गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर नेमकं काय आहे?

आपल्याकडे प्रत्येक काळ्या डागाला वांग म्हणायची सवय आहे. पण सगळे डाग वांग नसतात. दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर, वरच्या ओठाच्या वर तपकिरी नकाशासारखे पट्टे, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखे, हे वांग. डॉक्टर त्याला मेलाज्मा म्हणतात. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातली प्रवृत्ती ही त्याची मुख्य कारणं. ‘पोट साफ होत नाही म्हणून वांग येतात’ हे पार्लरमध्ये रोज ऐकू येतं, पण त्यात तथ्य नाही.

मुरूम फुटून, वॅक्सने भाजून किंवा ब्लीच चढून जो डाग उरतो तो वेगळा. जिथे इजा झाली तिथेच तो असतो आणि पुन्हा इजा केली नाही तर काही महिन्यांत बराचसा आपोआप फिका होतो. मान आणि काखेतली मखमलीसारखी जाड काळी त्वचा हा तिसरा प्रकार. ती घासून जात नाही, कारण तो मळ नव्हेच. बऱ्याचदा त्यामागे वाढलेलं वजन, पीसीओडी किंवा मधुमेहाकडे चाललेलं शरीर असतं. अशा गिऱ्हाईकाला ‘मान पॉलिश’चं पॅकेज विकण्याऐवजी “एकदा साखर तपासून घ्या” म्हणालात, तर ती बाई तुम्हाला जन्मभर विसरणार नाही. चौथा प्रकार टिकली, हेअर डाय किंवा एखाद्या कॉस्मेटिकच्या ॲलर्जीतून येणारा काळेपणा. तिथे ती वस्तू बंद करणं हाच पहिला उपचार.

हे ओळखायला डॉक्टर व्हायची गरज नाही. दोन मिनिटं नीट बघायचं आणि चार प्रश्न विचारायचे. डाग कधीपासून आहे, बाळंतपणानंतर आला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आतापर्यंत काय काय लावलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना कान उघडे ठेवा.

डब्यात काय असतं?

बिननावाच्या ‘गोरं करणाऱ्या’ क्रीममध्ये बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट सापडते, स्टिरॉइड किंवा पारा.

स्टिरॉइडची गंमत अशी की पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळतो. गिऱ्हाईक खूश, मैत्रिणीला सांगते, तुमचा खप वाढतो. मग त्वचा पातळ व्हायला लागते, उन्हात जळजळते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते. क्रीम बंद केली की चेहरा भडकतो म्हणून बाई पुन्हा तेच लावते. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारी तीन औषधांची ट्यूबही याच जातीची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड या तिघांचं मिश्रण हे वांगावरचं खरंखुरं औषध आहे. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हे सूत्र मांडलं आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याची सुधारलेली रूपं आजही देतात. पण ते देतात ठरावीक आठवड्यांपुरतं, तपासणी करत करत. आपल्याकडे तीच ट्यूब पावडर-क्रीमसारखी वर्षानुवर्षं चोळली जाते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तेव्हा पार्लरच्या काउंटरवर त्यांचं काहीच काम नाही.

पारा त्याहून वाईट. तो त्वचेत रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून उजळपणा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. हे कुठल्या तरी लांबच्या देशातलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला आपल्याच अकोल्याची बातमी आली होती. एक कॉलेजची मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर मूळ निघालं ते एका क्रीममध्ये. त्यात पारा होता, आणि ती घेतली होती स्थानिक ब्युटिशियनकडून. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असेच रुग्ण सापडले.

ती ब्युटिशियन मुद्दाम विष विकत होती असं मला वाटत नाही. तिलाही कोणी तरी ‘नंबर वन आहे’ म्हणूनच डबे दिले असतील. माझ्यासमोर बसलेल्या ताईंसारखेच.

एक खूण सांगून ठेवतो. डब्यावर ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियमला लागू देऊ नका’ असं लिहिलेलं असेल किंवा विकणारा तसं सांगत असेल, तर तिथेच सावध व्हा. पारा धातूला धरतो म्हणून ती सूचना असते. घटकांमध्ये कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असे शब्द दिसले तरी तेच. आणि असं क्रीम लावणाऱ्या आईच्या हातातून, टॉवेलमधून ते लहान मुलांपर्यंतही पोचतं.

मग आपण विकायचं काय?

इथे पार्लरवाल्या मैत्रिणी नाराज होतात. “सर, सगळंच डॉक्टरकडे पाठवलं तर आम्ही काय करायचं?” बरोबर आहे. चला, हिशेब करू.

वांगाच्या उपचारात एक गोष्ट अशी आहे की तिच्याशिवाय महागातलं महाग औषधही वाया जातं. ती म्हणजे उन्हापासून बचाव. नुसतं अतिनील किरणच नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वांग गडद करतो. म्हणून वांगासाठी रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं. एसपीएफ ३० किंवा ५० हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, किती लावायचं ते मात्र कोणीच सांगत नाही. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, धरा सव्वा ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तर ४० दिवस, दोनदा लावली तर २० दिवस. आता तुमच्या गिऱ्हाईकाला विचारा, ट्यूब किती दिवस जाते? “चार-पाच महिने” म्हणाली, की समजा ती सनस्क्रीन लावतच नाही, फक्त हात पुसते.

४५० रुपयांच्या ट्यूबमागे समजा तुम्हाला १०० रुपये सुटतात. रोज एकदा नीट लावणारी बाई वर्षाला नऊ ट्यूब घेईल. वीस गिऱ्हाइकं धरली तर वर्षाला १८,००० रुपये, तेही कोणाच्या किडनीला धक्का न लावता. ‘नंबर वन’ क्रीमच्या ७८ डब्यांचा हा नफा आहे, आणि त्यात कोणी चेहरा सुजवून दारात भांडायला येत नाही.

अर्थात महिन्याला तीन-साडेतीनशे रुपये सनस्क्रीनवर घालणं प्रत्येकीला परवडत नाही. तिला तसं सांगू द्या, लाजवू नका. छत्री, रुंद काठाची टोपी, आणि गाडीवर जाणाऱ्यांना तो आरपार दिसणारा पातळ ओढणीचा स्कार्फ नव्हे, तर घट्ट विणीचं कापड. बसमध्ये खिडकीची जागा उन्हाच्या बाजूची नको, कारण काचेतूनही यूव्हीए किरण येतात. खानावळ चालवणाऱ्या, भट्टीसमोर उभं राहणाऱ्या बायकांना उष्णतेनेही वांग वाढू शकतं, त्यांना पंखा आणि अंतर याबद्दल सांगा. हा सल्ला फुकट द्या.

सनस्क्रीनच्या जोडीला नियासिनामाइड, व्हिटॅमिन सी, ॲझेलिक ॲसिड, कोजिक ॲसिड अशा घटकांची सौम्य उत्पादनं येतात. नामांकित, परवाना असलेल्या कंपनीची ठेवा, सुरुवातीला एकच द्या, आणि कानामागे लावून बघायला सांगा. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात हे पैसे घेण्याआधी सांगायचं. जळजळ झाली की बंद, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर जळजळ म्हणजे नवा डाग. याच कारणाने वांगावर ब्लीच, जोरजोरात स्क्रब आणि लिंबू चोळून उन्हात बसणं टाळायचं.

आणखी एक काम तुमच्या हक्काचं आहे आणि ते डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त चांगलं येतं, ते म्हणजे मेकअप. लग्न महिन्यावर आलेल्या मुलीचे वांग महिन्यात जाणार नाहीत, पण नारिंगी किंवा पीच करेक्टर पातळ लावून त्यावर तिच्याच रंगाचा कन्सीलर बसवला तर फोटोत दिसणार नाहीत. ‘डाग झाकायचा मेकअप शिकवते’ असा दोन तासांचा वर्ग घेणाऱ्या बायका मी फारशा बघितल्या नाहीत. जागा मोकळी आहे.

डॉक्टरांकडे कोणाला पाठवायचं? गरोदर किंवा बाळाला पाजणारी बाई, डाग झपाट्याने वाढतोय अशी, स्टिरॉइड लावून चेहरा बिघडलेली, आणि तीन महिने नीट सनस्क्रीन लावूनही फरक न पडलेली. तीव्र पील, लेझर, इंजेक्शन यांच्या नादी आपण लागायचं नाही. वांगावर लेझर चुकलं तर डाग आधीपेक्षा काळा होऊन परत येतो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचं नाव हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतं. पाळीत जास्त रक्तस्राव झाला की देतात तेच औषध, वांगावरही काही डॉक्टर कमी मात्रेत देतात. पण ज्यांना रक्ताच्या गुठळीचा धोका आहे त्यांना ते जिवावर बेतू शकतं. गिऱ्हाईकाला हे नाव सुचवूसुद्धा नका.

ज्यांना स्वतःचं क्रीम काढायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉस्मेटिक बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो, आपल्या राज्यात तो अन्न व औषध प्रशासनाकडून. दुसऱ्याचं क्रीम आणून डब्यात भरून आपलं लेबल चिकटवणं हेही कायद्याच्या व्याख्येत उत्पादनातच येतं, ‘मी फक्त पॅकिंग करते’ ही सबब चालत नाही. सुरुवातीला परवानाधारक कारखान्याकडून आपल्या नावाने माल बनवून घेणं सोपं पडतं. यावर वेगळा व्हिडिओ करतोय.

आता त्या ताईंचं. सहापैकी सहा नंबर त्यांच्याकडे होते, कारण त्या उधारीची वही नीट ठेवतात. माझ्यासमोरच त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. लावणं थांबवा, डबा टाकू नका, तो घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, लघवीची तपासणी करायची का ते विचारा, पैसे मी परत देते. बोलताना आवाज कापत होता. दोघींनी चांगलंच सुनावलं. तिघी “बरं” म्हणाल्या. उरलेल्या १८ डब्यांचे पैसे पुरवठादार द्यायला तयार नाही, तो आता फोनच उचलत नाही.

सहावी म्हणाली, “ताई, असं काय करताय? मला तर मस्त फरक पडलाय. अजून दोन डबे ठेवा माझ्यासाठी.”

तिच्या घरी ताई येत्या रविवारी स्वतः जाणार आहेत, ३५० रुपये बरोबर घेऊन.