झोनिंग केलंय, मग मास्किंग कशाला?

स्टोरेज एरिया नेटवर्कमध्ये सर्व्हर आणि डिस्क यांच्यामध्ये दोन कुलपं असतात. पहिलं फायबर चॅनल स्विचवर: कोणत्या पोर्टला कोणता पोर्ट दिसेल, हे झोनिंग ठरवतं. झोन शक्यतो डब्ल्यूडब्ल्यूपीएन या ६४ बिटी पत्त्यावर करावा. केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात गेली तरी चालतं. सर्व्हरचं कार्ड बदललं की मात्र झोनही बदलायचा.

पण स्टोरेजच्या एकाच पोर्टमागे अनेक लन, म्हणजे वेगवेगळ्या डिस्क म्हणून दिसणारे भाग असतात. कोणता लन कोणाला, हे स्टोरेजवरचं मास्किंग ठरवतं. ते राहिलं आणि दोन सर्व्हरनी एकच लन ईएक्सटी-४ म्हणून माउंट केला, तर? दोघंही आपापल्या मेमरीतला नकाशा खरा धरून एकमेकांच्या फाइलींवर लिहीत सुटतात. एरर लगेच येईलच असं नाही, हे जास्त वाईट.