जागा तीच, दुखणे तेच

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका घरी आजारी मुलाचा समाचार घ्यावयास आम्ही गेलो होतो. मुलगा अकरा वर्षांचा. दर पावसाळ्यात त्याला ताप भरे, खोकला सुटे आणि डॉक्टर न्यूमोनिया म्हणून औषध देत. औषधाने उतार पडे. पुढल्या मृगाला पुन्हा तेच. क्षयाच्या औषधांचा एक पूर्ण क्रम देऊन झाला होता व दुसरा चालू होता; थुंकीत मात्र क्षयाचे जंतू एकदाही सापडले नव्हते. आईने पलंगाखालून एक्स-रेच्या फिल्मांचे बोचके काढून आमच्यापुढे ठेवले. आम्ही काही वैद्य नव्हे. परंतु खिडकीच्या उजेडात एकेक फिल्म धरून पाहताना आमच्याही ध्यानात एक गोष्ट आली. प्रत्येक फिल्ममधील पांढुरका डाग डाव्या बाजूस, खाली, हृदयाच्या आडोशाला, नेमक्या त्याच जागी होता.

पुढे शहरातील एका छातीच्या तज्ज्ञांनीही हीच गोष्ट हेरली व मुलाचा सी.टी. स्कॅन करविला. त्यात असे आढळले की, डाव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडातील एक तुकडा जन्मापासूनच बाकीच्या फुप्फुसाशी फटकून राहिलेला आहे. श्वासनलिकेच्या शाखांशी त्याचा नीट संबंध नाही, आणि त्याला रक्त मिळते तेही फुप्फुसाच्या रोहिणीतून नव्हे, तर थेट महारोहिणीपासून फुटलेल्या एका वेगळ्याच रोहिणीतून! या दोषाला डॉक्टर ‘सीक्वेस्ट्रेशन’ म्हणतात. प्राइस नामक ब्रिटिश डॉक्टराने १९४६ साली सात रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध करून हे नाव रूढ केले. बहुधा हा दोष डाव्या फुप्फुसाच्या तळाशीच आढळतो. वाट नसलेल्या मोरीत पाणी तुंबावे तसा या तुकड्यात कफ साचून राहतो. शेजारच्या निरोगी भागातून जंतू आत शिरतात, औषधाने दबतात, परंतु घाण वाहून जावयास मार्गच नसल्यामुळे ते पुन्हा डोके वर काढतात.

आता कोणी विचारील की, इतक्या एक्स-रेंत हे दिसले कसे नाही? अंगणात दोन-तीन दोऱ्यांवर एकामागे एक वाळत घातलेल्या कपड्यांची सावली भिंतीवर पडते, तेव्हा लुगडे पुढे आहे की सदरा, हे सावलीवरून सांगता येत नाही. साधा एक्स-रे म्हणजे अशीच सावली होय. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या आणि फुप्फुस सारे एकमेकांवर पडलेले असते. सी.टी. यंत्रात किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, समोरील ग्राहके पलीकडे पोचलेले किरण मोजतात, आणि त्या असंख्य मोजमापांवरून संगणक शरीराचे पावाच्या कापांसारखे पातळ काप चित्ररूपाने उभे करतो. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव दिला की रक्तवाहिन्या उजळून निघतात, आणि कोणती वाहिनी कोठून निघाली याचा माग लागतो.

हे यंत्र गॉडफ्रे हौन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून निर्माण झाले. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्यावर घेण्यात आले. त्यामागील गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह हौन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्याला शून्य व हवेला उणे १००० धरून शरीराच्या प्रत्येक भागाची घनता मोजण्याच्या परिमाणाला आजही त्यांचेच नाव आहे. आरंभी एका कापास काही मिनिटे लागत. आज सबंध छाती काही सेकंदांत पाहून होते.

शस्त्रक्रिया करणाऱ्यास तर हे चित्र म्हणजे वाटेचा नकाशाच. ती वेगळी रोहिणी कधी कधी पडद्याखालून, पोटातूनही वर येते. ती आहे हे ठाऊक नसताना तिच्यावर सुरी चालली, आणि रक्तस्रावाने रुग्ण मेजावरच दगावला, अशा नोंदी वैद्यकाच्या इतिहासात आहेत. आमच्या या मुलाच्या बाबतीत ती रोहिणी आधी बांधून घेतली व मगच तो तुकडा काढला. त्यानंतरचे पावसाळे त्याने शाळेत काढले.

फुप्फुसाचे इतरही जन्मजात दोष आहेत. एखाद्या अर्भकाच्या फुप्फुसाचा एकच खंड हवेने फुगत जातो. एक्स-रेवर हवा बाहेर गळल्याचा भास होऊन छातीत नळी घातली जाते, आणि त्याने अपायच होतो. एखाद्याला एक फुप्फुस मुळीच नसते. ती पांढरी बाजू पाहून पाणी झाले असे समजून सुई टोचतात. कोठे पाण्याच्या किंवा हवेच्या गाठी असतात. गरोदरपणातील सोनोग्राफीत असे काही आढळले असेल, तर जन्मानंतरचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत राहू नये. दोष तसाच असून एक्स-रेत न दिसणे शक्य असते.

या मुलाच्या घरी आम्हांला आणखी एक गोष्ट ऐकावी लागली. गरोदर असताना सुनेने ग्रहणात विळी हाती घेतली म्हणून नातवाचे असे झाले, असे आजी म्हणत होती, आणि ती सून अकरा वर्षे ते मुकाट्याने ऐकत आली होती. फुप्फुसाचा अंकुर गर्भाच्या चौथ्या आठवड्यातच फुटतो. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची पुरती खात्रीही झालेली नसते. त्या वाढीत कोठे चूक का होते याचे निश्चित कारण बहुधा सापडत नाही, आणि हे दोष सहसा आनुवंशिकही नसतात. आजीला हे आम्ही दोनदा समजावून सांगितले. दुसऱ्या खेपेस तिने सुनेला आत जाऊन चहा टाकावयास सांगितले. आम्ही त्याचा अर्थ चांगला लावला.

परंतु हे वाचून कोणी साध्या खोकल्यासाठी स्कॅनचा हट्ट धरू नये. मोठ्या माणसाच्या छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग लागतो, सी.टी.त सुमारे सहा. निसर्गातून वर्षभरात आपल्याला सरासरी २.४ मिळतो. मुलांसाठी यंत्राची मात्रा कमी करतात, तरीही कारणावाचून ही तपासणी करू नये. तसेच आपल्या देशात क्षय पुष्कळ आहे आणि हे दोष विरळा आहेत. म्हणून क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने कोणीही बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारावयाचे ते एवढेच: “डाग दर वेळी त्याच जागी आहे काय?” आणि विचारताना जुन्या सगळ्या फिल्मा, तारखांसह, बरोबर न्याव्यात.

औषधांचे वावडे किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास शिरेतून द्रव देण्यापूर्वी तसे सांगावे. लहान मूल हलू नये म्हणून क्वचित गुंगीचे औषध देतात. त्यासाठी किती वेळ उपाशी ठेवावयाचे ते आधीच विचारून घ्यावे. धातूने चित्रावर रेघा उठतात, म्हणून मुलाच्या गळ्यातील साखळी व पदक काढावे लागते. आमच्या त्या मुलाने पदक काढू देण्यास बराच वेळ नकार दिला. अखेर ते आईच्या मुठीत दिले, आणि तिने दाराच्या काचेतून मूठ वर करून दाखविल्यावर तो यंत्राच्या फळीवर निमूट आडवा झाला.