घुगरी काय सांगते?

गरब्यासाठी ‘बंजारा सेट’ घेताय? मस्त! पण कन्नड, सोयगावच्या तांड्यांवर केसांत लटकणारी चांदीची घुगरी-टोपली ही नुसती फॅशन नाही. बाईचं लग्न झालंय, हे ती न बोलता सांगते. आफ्रिकेतल्या झुलू मुलीही मण्यांच्या रंगांतून प्रियकराला निरोप धाडायच्या!

मण्यांसोबत कपड्यांवर शिवलेल्या कवड्या तर एके काळी चलन होत्या. बैलांवर मीठ-धान्य लादून फिरणाऱ्या या व्यापाऱ्यांची बँक अंगावरच, म्हणा ना. १९व्या शतकात रेल्वे आली आणि बैलांचा धंदा बसला. दागिने तेवढे राहिले. आता तेही मोडीत निघतायत, आणि आपण ऑक्सिडाइज्ड नक्कल घेतोय. वर्गात तांड्यावरची मैत्रीण असेल, तर तिच्या आजीची टोपली एकदा बघाच.